मागच्या पुराची खूण

॥ श्रीगुरवे नमः ॥



पावसाळा लागला की आपल्या ग्रुपवर फोटो यायला सुरुवात होते. कुठे पुलाला पाणी टेकले, कुठे घाट बुडाला. आपण "देवा, सांभाळ रे" असे लिहितो, हात जोडतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो. म्हणून या वेळच्या अभ्यासाला मुद्दाम पूर हाच विषय घेतला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात जो महापूर आला, तो नीट समजून घेऊ या. रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, एकत्र बसून वाचावे. शेवटी काही प्रश्न दिले आहेत.

*१. एवढे पाणी आले कुठून?*

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कोयना तिला कराडला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. त्याच्याही खाली, सीमाभागात, वेदगंगेला पोटात घेऊन दूधगंगा येते. या सगळ्या नद्या सह्याद्रीतून निघतात. घाटात उतार मोठा, म्हणून पाणी धावत येते. पुढे सपाट मुलूख लागला की त्याचा वेग कमी होतो आणि ते पसरायला लागते.

आपल्या मोरीचे उदाहरण घ्या. एक बादली ओतली तर पाणी सरसर जाते. चार बादल्या एकदम ओतल्या की मोरी तुंबते आणि पाणी स्वयंपाकघराकडे वळते. मोरीचे भोक तेवढेच असते, पाणी मात्र जास्त असते. नद्यांच्या संगमावर हेच होते. कृष्णा आधीच दुथडी भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला आत शिरायला जागा मिळत नाही. मग ते मागे तुंबते आणि शिरोळ तालुक्यातली गावे, कोल्हापूरजवळची चिखली-आंबेवाडी पाण्याखाली जातात.

२०१९ मध्ये जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सगळ्या घाटमाथ्यावर दिवसेंदिवस पाऊस कोसळत राहिला. धरणे भरत आली होती, त्यामुळे पाणी सोडणे भाग होते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर पाण्याच्या दाबानेच उघडतात, तिथे कुणी बटण दाबायची गरज नसते. इकडे हिडकलच्या खाली घटप्रभेने आणि मार्कंडेय नदीने गोकाकला वेढले, लोळसूरचा पूल बुडाला. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणातून पाणी सोडल्यावर रामदुर्गच्या बाजूला हाहाकार झाला.

बातम्यांत 'क्युसेक' हा शब्द येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. म्हणजे एक लाख क्युसेक म्हटले की आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या २,८०० टाक्या दर सेकंदाला रिकाम्या होत आहेत असे समजा. त्या दिवसांत अलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून जास्त पाणी पुढे जात होते. एवढ्या पाण्यापुढे माणसाची ताकद ती किती?

*२. खुणेने फसवले*

आता आजच्या अभ्यासाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ.

सांगलीला आयर्विन पुलापाशी नदीची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. तो पूर लोकांच्या मनात कोरला गेला. कुणी भिंतीवर रेघ मारून ठेवली, कुणाला पायरी पाठ होती. "पाचला पाणी आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले होते" हे वाक्य काठावरच्या घराघरात ऐकू येई.

२०१९ ला पाणी चढायला लागले तेव्हा पुष्कळांनी त्याच रेघेकडे बघितले. पाचला इथवरच आले होते, आताही इथवरच येईल. कुणी सामान त्या रेघेच्या वर हातभर उचलून ठेवले, कुणी जनावरे उंचवट्यावर बांधली आणि घरातच थांबले. पाणी मात्र ५७ फुटांवर गेले. जुन्या खुणेच्या वर जवळजवळ चार फूट! चार फूट म्हणजे पलंग गेला, स्वयंपाकाचा ओटा गेला, कपाटातला मधला कप्पासुद्धा गेला. हातभर उचललेले सगळे बुडाले. आणि ज्यांनी रेघ बघून थांबायचे ठरवले, त्यांचा बाहेर पडायचा रस्ता तोवर बंद झाला होता.

पलूस तालुक्यातले ब्रह्मनाळ गाव आठवून बघा. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचे हे गाव पाण्याने वेढले गेले. ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसे तिच्यात होती. सतरा जण गेले, त्यात बायका होत्या, लेकरे होती. नावेत चढणाऱ्या कुणालाही दोष देता येणार नाही, पाण्यात अडकलेला माणूस मिळेल त्या नावेत पाय टाकणारच. आपण यातून एवढेच घ्यायचे, की चालत निघता येते तेव्हाच निघावे. नावेची वाट बघायची वेळच येऊ देऊ नये.

बरे, २०१९ ची खूण तरी शेवटची म्हणावी का? तीही नव्हे. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ ला तिथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. "असा पूर आता शंभर वर्षांत होणार नाही" असे लोक बोलले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ फुटांच्या वर गेले. त्या वेळी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि घाटापलीकडे चिपळूण बुडाले होते. नदीने आपली रेघ ओलांडायला दोन वर्षेसुद्धा घेतली नाहीत.

वडोदऱ्याच्या साधकांना हे वेगळे सांगायला नको. विश्वामित्रीची धोका पातळी २६ फूट, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी गेले ३७ फुटांवर. हैदराबादला मुसी नदीच्या १९०८ च्या पुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, तरी ऑक्टोबर २०२० मध्ये शहरात वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. प्रत्येक गावाची अशी एक खूण असते आणि तिच्यावर गावाचा भाबडा विश्वास असतो.

अनुभव हा गुरू आहे हे खरे. पण "मला माहीत आहे, इथवरच येते" असे म्हणून आपण शिकणे थांबवले की तोच अनुभव डोळ्यांवर पट्टी होतो. मागच्या खुणेने एवढेच कळते, की पाणी निदान इथवर येऊ शकते. त्याच्या वर येणार नाही असे ती कुठेच सांगत नाही.

*३. वाडीला काय करतात?*

इथे काही जण म्हणतील, "ताई, आपण श्रद्धेची माणसे. महाराज आहेत की पाठीशी, घर सोडून पळायचे कशाला?" हा प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून शोधू या.

नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. पाणी चढते तेव्हा ते उत्तरेच्या दाराने मंदिरात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नानाला लोक लांबून येतात. वाडीइतके पुराशी जुळवून घेतलेले दुसरे ठिकाण क्वचितच असेल. पण पाणी आणखी चढू लागले की पुजारी मंडळी काय करतात? देवाची उत्सवमूर्ती उचलून वरच्या मंदिरात नेतात. पूजा तिथे चालू राहते. पाणी उतरले की देव परत खाली येतात.

म्हणजे बघा, पाणी येण्याआधी तिथे देवसुद्धा जागा बदलतात. त्याला कुणी अश्रद्धा म्हणत नाही. तीही सेवाच असते. मग घरातल्या सासूबाईंना, बाळंतिणीला, दावणीच्या गाईला वेळेवर वर नेणे ही सेवा नाही का?

*४. पाणी उतरल्यावर*

टीव्हीवर पूर संपतो तेव्हा घरात तो सुरू होतो. २०१९ ला कोल्हापुरात पाणीउपसा केंद्रेच बुडाली, त्यामुळे सगळीकडे पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही अशी गत झाली. महामार्ग बरेच दिवस बंद राहिला, निपाणीजवळ यमगर्णीलाही वेदगंगेने रस्ता अडवला. दूध, भाजी, पेट्रोल, औषधे सगळेच अडले. शेतात ऊस दिवसचे दिवस पाण्यात उभा राहिला. शेंडा बुडालेला ऊस कुजतो, म्हणजे वर्षाचे पीक गेले आणि कर्ज तेवढे उरले.

घरात वीतभर गाळ, त्याला उग्र वास. भिंतीत ओल. धान्याला मोड. पोरांची दप्तरे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, सगळ्याचा लगदा. आपल्या केंद्रातर्फे आम्ही काही जणी निपाणीच्या बाजूला सेवेला गेलो होतो. आमच्याजवळ साड्यांची गाठोडी होती. एक मावशी म्हणाल्या, "साडी राहू द्या हो, खराटा असला तर द्या." मदत कशी करावी याचा आख्खा पाठ त्या एका वाक्यात होता. आपल्या कपाटात जास्त काय आहे ते बाजूला ठेवून त्यांच्या घरात कमी काय आहे ते आधी विचारावे. खराटे, फावडी, फिनेल, बादल्या, मच्छरदाण्या, सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रे, वह्या-पुस्तके, जनावरांचा चारा यांची गरज असते. आणि पहिल्या आठवड्यात गाड्यांची रीघ लागते, तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. आपण तिसऱ्या आठवड्यात जावे.

*५. "चूक कुणाची?"*

पूर म्हटले की घरातले पुरुष अलमट्टीवरून वाद घालतात. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा कारण नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणे यांवर त्यांनी बोट ठेवले. तरीही वाद संपलेला नाही. तो तज्ज्ञांनी आणि सरकारांनी जरूर सोडवावा. पण ओढ्यात भराव टाकून बांधलेला प्लॉट आपण स्वस्तात मिळतो म्हणून घ्यायचा का, गटारात प्लास्टिकची पिशवी टाकायची का, हे ठरवणे आपल्याच हातात आहे.

*६. घरी करून ठेवायचे*

• सगळी कागदपत्रे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यात वरच्या फळीवर. फोटो काढून बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवावेत.
• रोजच्या औषधांचा आठवडाभराचा साठा आणि चिठ्ठी, टॉर्च, थोडी रोख रक्कम एकाच थैलीत.
• इशारा पातळी झाली की म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर बाई आणि जनावरे हलवावीत. धोका पातळीची वाट बघू नये.
• निघताना मेन स्विच आणि गॅस बंद. जनावरे नेता येणार नसतील तर निदान दावे सोडावे. बांधलेले जनावर बुडते.
• वाहत्या पाण्यातून पायी किंवा गाडीने पूल ओलांडू नये, पाणी गुडघाभर दिसले तरी.
• परत आल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय वीज चालू करू नये. साफसफाईआधी पंचनाम्यासाठी फोटो काढावेत. कोपऱ्यात साप असू शकतो, म्हणून हात घालण्याआधी काठीने हलवून बघावे.
• पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नये. ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जावे, लेप्टोचा धोका असतो.

*चर्चेसाठी प्रश्न*

१. आपल्या गावात पाण्याची जुनी खूण कोणती? त्याच्या वर चार फूट पाणी आले तर आपल्या घरात काय काय बुडेल? मुलांनी टेप घेऊन मोजावे.
२. आपल्या गल्लीत एकटे राहणारे म्हातारे माणूस कोण? पाणी आले तर त्यांना कोण उचलेल? नाव आजच ठरवावे.
३. "मला माहीत आहे, इथवरच येते" असे आपण आणखी कोणकोणत्या बाबतीत म्हणतो? तब्येत? पैसा? राग?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रविवारपर्यंत आपापल्या केंद्रप्रमुखांना कळवावीत. त्यांची यादी करून ठेवायची आहे. पावसाळा आपल्यासाठी थांबणार नाही.

सर्वांना सद्बुद्धी आणि वेळेवर जाग येवो, हीच गुरुचरणी प्रार्थना. 🙏

आपली,
एक सेवेकरी भगिनी, बेळगाव