कंबर धरली म्हणून अंथरूण धरू नकोस

चि. सोनू,


गॅसचा सिलिंडर सरकवताना तुझ्या कंबरेत चमक भरली आणि आठ दिवस झाले तरी तू अंथरुणातच आहेस, असं वहिनीकडून कळलं. तू पाठवलेला एमआरआयचा रिपोर्टही पाहिला. 'एल-४ एल-५ डिस्क बल्ज' या शब्दांखाली तू लाल रेघ मारून ठेवली आहेस. शेजारच्या काकांनी 'मणक्यात गॅप पडलाय' असं निदान करून टाकलं, ऑफिसातल्या मित्राने कुणाच्या तरी बिघडलेल्या ऑपरेशनची गोष्ट ऐकवली, आणि आता तू लेकीला कडेवर घ्यायलाही घाबरतोस. सरकारी दवाखान्यात जन्मभर लोकांच्या कंबरा हाताळल्या, तेव्हा आत्या म्हणून थोडं आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून जास्त लिहिते आहे.

ज्याला खरंच घाबरायचं ते आधी सांगून टाकते. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी इस्पितळ गाठायचं. तिथे तासांचा हिशेब असतो. पायातली ताकद कमी व्हायला लागली तरी वाट बघायची नाही. दवाखान्यात येणारी माणसं ते आपल्या भाषेत सांगत, 'चालता चालता चप्पल पायातून निसटते.' पंजा वर उचलला जात नसल्याची ती खूण. ताप, विनाकारण वजन उतरणं, कूस बदलूनही न शमणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी होऊन गेलेला कर्करोग, म्हातारपणी साधं पडल्यावर सुरू झालेली पाठदुखी, हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे, तेही विसरून चालत नाही. परवा फोनवर मी तुला खोदून खोदून हेच विचारत होते, आणि प्रत्येक प्रश्नाला तुझं उत्तर 'नाही' असंच होतं. कंबर दुखते म्हणून येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांच्या आसपास माणसांचं असंच असतं. दुखणं खरं असतं, पण अमुक एका जागी अमुक मोडलंय असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

मग रिपोर्टातल्या त्या ओळीचं काय? १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी दाखवून दिलं की मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, फुटून नस दाबू शकते, आणि तो तुकडा काढला की पायात उतरणारी कळ थांबते. ते खरंच होतं. पण तेव्हापासून जगभरच्या प्रत्येक कंबरदुखीचं खापर गादीवर फुटायला लागलं. एमआरआय आल्यावर तर गादी डोळ्यांना दिसायलाच लागली, आणि दिसतं तेच दुखतं असं सगळ्यांनी धरून घेतलं. २०१५ साली काही संशोधकांनी उलट्या बाजूने पाहिलं. ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा तीन हजारांहून अधिक माणसांचे जुने अहवाल त्यांनी एकत्र केले. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. तुझ्या वयाच्या, म्हणजे तिशीतल्या, ४० टक्क्यांची आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांची. ही सगळी न दुखणारी माणसं, बरं का! केस पिकावेत तशी ही गादी वयाबरोबर बदलते. सिलिंडर सरकवण्याच्या आदल्या दिवशी तुझा एमआरआय काढला असता, तर बहुधा हीच ओळ त्यात छापून आली असती. आणि काकांच्या गॅपचं म्हणशील, तर दोन मणक्यांमध्ये जागा असतेच. गादी तिथेच तर बसते.

खरोखर फुटून बाहेर आलेली गादीसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते, शरीर ती शोषून घेतं. म्हणून पायात कळ असली तरी ताकद शाबूत असेल, तर भला सर्जन आधी थांबायलाच सांगतो.

आता अंथरुणाविषयी. मी नोकरीला लागले तेव्हा कंबरेच्या रुग्णाला वॉर्डात वजनं लावून तीन-तीन आठवडे आडवं ठेवण्याची पद्धत होती. माणूस घरी जाताना भिंत धरून चालायचा, आणि अशक्तपणा कंबरेने आणला की अंथरुणावर पडून राहण्याने, हे कुणी विचारायचं नाही. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती अशी तुलना झाली. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावर लवकर परतले. १९९५ साली हेलसिंकीत त्याच्याही पुढचं दिसलं. ज्यांना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं होतं, ते झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर सुधारले. तू आठ दिवस झोपला आहेस. आता पुरे.

आपल्या गावाकडे उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, माणूस शोधून आणतात आणि त्याच्याकडून पाठीला लाथ मारून घेतात. हसू नकोस, तुझ्या आजोबांनीही मारून घेतली होती आणि चार दिवसांत ते शेतावर गेले होते. लाथेत काही नव्हतं. उसण बहुतेक वेळा आपली आपणच उतरते, श्रेय ज्याच्या हाती लागतं तो घेतो. पण लाथ खाणारा माणूस 'आता काम झालं' या भरवशावर उठून चालायला लागायचा, हे मात्र मला महत्त्वाचं वाटतं. तुझा महागडा रिपोर्ट नेमकं त्याच्या उलट काम करतोय.

कारण दुखण्याला भीतीचं खतपाणी मिळतं, सोनू. 'वाकलो तर मोडेन' असं मनात बसलं की माणूस श्वास रोखून, पाठ ताठ धरून वावरतो. स्नायू दिवसभर आवळलेले राहतात, संध्याकाळी तेच दुखतात, आणि मग वाटतं, पाहा, मी म्हणत नव्हतो! हळूहळू मेंदू साध्या हालचालीलाही दुखणं म्हणून नोंदवायला लागतो. झोप कमी झाली, कामाचा ताण वाढला की आणखीच. ग्लासगोचे हाडांचे सर्जन गॉर्डन वॉडेल यांनी या भीतीचं मोजमाप करायची प्रश्नावली तयार केली होती. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर १९९७ पासून 'पाठ दुखली तरी पडून राहू नका' असं सांगणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती दाखवल्या, आणि पाठदुखीपायी होणारे नुकसानभरपाईचे दावे कमी झाले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, लोकांची समजूत तेवढी बदलली.

तर आता काय करायचं. उद्यापासून दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाल. थोडं दुखेल. त्याचा अर्थ आत काही फाटतंय असा होत नाही. फार दुखलं तर पाठीवर झोपून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर टेकव, दहा मिनिटांनी पुन्हा ऊठ. शेक घे, वहिनी तेल लावून देत असेल तर लावून घे, बरं वाटतं. गोळी डॉक्टर सांगतील तितकेच दिवस आणि जेवणानंतर. महिनोन् महिने वेदनाशामक गिळून मूत्रपिंड खराब केलेली माणसं मी पाहिली आहेत. बिननावाच्या पुड्या तर घरात आणूच नकोस. 'एका पुडीत आराम' असं जिथे मिळतं, तिथे पुष्कळदा स्टेरॉइड कुटलेलं असतं. दादा गादी काढून फळीवर झोपायला सांगत होता म्हणे. त्याला म्हणावं, २००३ साली स्पेनमध्ये हे तपासून झालं. जुनाट कंबरदुखीत कडक गादीपेक्षा मध्यम गादीच सरस ठरली. पट्टा बांधायचाच असेल तर प्रवासापुरता.

चालणं सोडू नकोस. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर एक प्रयोग झाला. सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. ज्यांना हळूहळू वाढवत नेत चालायला लावलं, त्यांचं दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले, ज्यांना काहीच करायला लावलं नव्हतं त्यांचं साधारण ११२ दिवसांतच परतलं. कंबरदुखी एकदा येऊन गेली की पुन्हा येते, हे तुला आत्ताच सांगून ठेवते. पुन्हा आली तर घाबरून नवा एमआरआय काढायला धावू नकोस.

दोन आठवड्यांनी जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा आणि ताकदीचे व्यायाम शीक. यंत्राखाली झोपवून शेक देतील आणि रोजचे पैसे घेतील अशांकडे नाही, तुझ्याकडून घाम काढून घेतील अशांकडे. वाकणं हा गुन्हा नव्हे, कंबर वाकण्यासाठीच आहे. सिलिंडर अंगाजवळ धरून उचल, एवढंच. लेकीलाही तसंच, छातीशी धरून. ऑफिसात महागडी खुर्ची मागण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने उठून पाण्याची बाटली भरून आण. बसण्याची एकच अशी बरोबर पद्धत नसते, फार वेळ एकाच पद्धतीने बसणं वाईट. आणि टपरीवरची ती सिगारेट बंद कर. ओढणाऱ्यांच्या कंबरा जास्त दुखतात, आणि त्याशिवायही ती बंद करायला दहा कारणं आहेत.

उद्या संध्याकाळी किती चाललास ते मला फोन करून सांग. मी वाट पाहते.

तुझी,
आत्या