वचन निघालं, मग निघू का?

प्रश्न : पुण्यात नोकरी मिळतेय. प्रार्थना करून बायबल उघडलं, तर अब्राहामाला देश सोडायला सांगणारं वचन निघालं. ही देवाची आज्ञा समजू का? घरी आई एकटी आहे.
– एक वाचक, मिरजगाव

उत्तर : चिठ्ठी काढावी तसं वचन काढू नका. ती आज्ञा अब्राहामाला होती. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ वाचा. पौलाची आशियाची वाट अडली, बिथुनियाची अडली. त्रोवसात दृष्टांत झाला, तरी मासेदोनियाला जायचं अनुमान सोबत्यांसह काढलं गेलं. अडलेली वाटही मार्गदर्शनच असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आपल्या नगरशी जोडलेलं उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. नवऱ्याला साद ऐकू आली म्हणून त्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत. जातिभेद माणसानंच केला, हे त्यांना आतून पटावं लागलं. मला हा उशीर अविश्वासाचा वाटत नाही.

पगार, खोलीभाडं, आईचं औषधपाणी कागदावर मांडा. प्रार्थनेशी त्याचं वैर नाही. पाळकांशी बोला, शिवाय तुम्हाला तोंडावर ‘नको’ म्हणू शकेल अशा एखाद्या वडीलधाऱ्याशीही. आईला मात्र तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही. आधी तिला विचारा.