लांकूड घासण्याचा पट्टा कसा टिकवावा

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील जुनीं घरें बहुधा माळवदाचीं. दगडमातीच्या भिंती, आंत लांकडी खांब व तुळया, आणि वर मातीचें जड छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपांत उमरगा व लोहारा भागांतील अशीं पुष्कळ घरें पडलीं. ढिगाऱ्यांतून निघालेलीं दारें, चौकटी व तुळया ज्यांनीं जपून ठेविल्या, त्यांस तसें लांकूड आज विकत घेणें परवडणारें नाहीं. तें घासून पुन्हां उपयोगांत आणावें हेंच शहाणपणाचें.

या कामास सुतार विजेवर चालणारें सँडर यंत्र वापरतात. त्यांत फिरणारा खरखरीत कणांचा अखंड पट्टा मात्र लवकर निकामी होतो. आम्हीं स्वतः घरच्या एका जुन्या दारावर एका दिवसांत तीन पट्टे वायां घालविले. पुढें गांवच्या सुताराकडून जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवितों.

पट्टा झिजतो थोडा, बुजतो फार. कणांमधील जागेंत भुसा व जुना रंग बसला म्हणजे कणांचीं टोंकें लांकडापर्यंत पोंचत नाहींत. मग आपण यंत्र दाबतों. दाबल्यानें उष्णता वाढते, रंग मऊ होऊन अधिकच चिकटतो. लेखणी दाबल्यानें अक्षर सुधारत नाहीं, टोंक मात्र मोडतें, हें महसुली दप्तरांत जन्म घालवूनही आम्ही येथें विसरलों.

यास्तव पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम सर्व खिळे व चुका उपटाव्या. एक खिळा पट्टा फाडावयास पुरेसा होतो.

२. जुना रंग पट्ट्यानें काढूं नये. त्यांत शिसें असण्याचा संभव असतो व त्याची धूळ विषारी असते. रंग ओला करून पात्यानें खरवडावा, मुलांस दूर ठेवावें, आणि लांकूड पूर्ण सुकल्यावरच यंत्र लावावें. घासतांना नाकातोंडावर धूळ रोखणारी मुखपट्टी व डोळ्यांस चष्मा असावा.

३. पट्ट्यावरील अंक जितका मोठा, तितके कण बारीक. खडबडीत लांकडास आधीं ६०, मग ८०, शेवटीं १२० अंकाचा पट्टा घ्यावा. आरंभींच बारीक घेतल्यास तो तत्काळ बुजतो.

४. यंत्र स्वतःच्या वजनानें चालूं द्यावें. एके जागीं थांबवूं नये.

५. पट्ट्याच्या आंतील बाजूस बाण असल्यास त्याच दिशेनें चढवावा. उलट चढविल्यास सांधा उकलतो.

६. बुजलेला पट्टा फेंकूं नये. यंत्र उलटें करून पक्कें बसवावें व चालत्या पट्ट्यावर क्रेप रबराचा लांब तुकडा हलके धरावा. भुसा रबरास चिकटून निघतो. बोटें मात्र दूर ठेवावीं.

७. काम संपल्यावर पट्ट्याची घडी घालूं नये. कोरड्या जागीं जाड खुंटीवर टांगावा. ओलीनें कण धरून ठेवणारा सरस सैल पडतो.

आमचें तें दार अखेर चौथ्या पट्ट्यानें पुरें झालें. तो पट्टा खुंटीवर आहे, आणि अजून एका चौकटीपुरता तरी खचित चालेल.