उन्हाळी नव्हे

आमच्या घरी लघवीला जळजळ झाली, की ‘उन्हाळी लागली’ एवढे एकच निदान असते आणि धण्याचे पाणी हा त्यावरचा उतारा. पाणी कमी पडल्याने किंवा जंतुसंसर्गाने जळजळ होते, हे खरेच. परंतु काही स्त्रियांना हा त्रास दर महिन्याला पाळीच्या आगेमागेच होतो आणि लघवी तपासली तर जंतू सापडत नाहीत. माझ्या मावशीने अशा तक्रारीवर तीन वर्षे वरचेवर जंतुनाशक गोळ्या घेतल्या. तिच्या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, हे फार उशिरा कळले. (हे लिहायला तिची परवानगी आहे.)

या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. पाळीचे थोडे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे ओटीपोटात जाते व त्यातील पेशी तेथे रुजतात, अशी उपपत्ती अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडली. पण असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांत जाते, विकार थोड्यांनाच होतो. तेव्हा कोडे पूर्ण सुटलेले नाही.

मूत्राशय गर्भाशयाच्या अगदी पुढ्यात असते. या पेशी कधी त्याच्या माथ्यावर वा मागच्या भिंतीवर धरतात आणि स्नायूंत खोल शिरतात. तेथेही त्या पाळीच्या संप्रेरकांना दाद देतात. सूज येते, पुढे व्रणासारखा कठीण भाग तयार होतो. मग मूत्राशय भरू लागले की दुखते, थोड्याशा लघवीचीही घाई होते, करताना कळ येते. लघवीत रक्त मात्र दिसेलच असे नाही. गाठ पुष्कळदा आतल्या अस्तरापर्यंत पोचलेलीच नसते. रक्त नाही म्हणून निर्धास्त राहणे चूक, ते यामुळेच.

एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांपैकी सुमारे १ टक्क्यालाच मूत्रसंस्थेत बाधा होते, तीही बहुधा मूत्राशयात. परंतु मूत्रवाहिनी वेढली गेली, तर काही न दुखताही मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

निदानासाठी सोनोग्राफी, एमआरआय, दुर्बिणीची तपासणी ही साधने आहेत. पण डॉक्टरांना आधी संशय यायला हवा. तो तारखांवरून येतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा खाडा लिहितात, गॅसची टाकी लिहितात. जळजळीचा दिवस कोणी लिहीत नाही, आणि पाळीविषयी तर डॉक्टरांपुढेही ‘अडचण’ यापलीकडे शब्द फुटत नाही.

उपचारात संप्रेरकांच्या गोळ्यांनी त्रास आटोक्यात येतो. न आल्यास गाठीसह मूत्राशयाचा तेवढा भाग काढतात. मावशीला प्रथम ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला होता. नुसते गर्भाशय काढून मूत्राशयातील गाठ जागची हलत नाही, हे तिला दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. सध्या ती गोळ्यांवर आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्याशेजारी तिची एक बारीक फुली असते.