मोटारींतील नायट्रस वायु



आमच्या मेजावर कागद उडूं नयेत म्हणून आम्हीं एक दट्ट्या ठेविला आहे. मोटारीच्या इंजिनांतील हा ॲल्युमिनियमचा दट्ट्या मध्यभागीं वितळला असून त्यास अंगठा जाईल एवढें भोंक पडलें आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तो आणून दिला. त्यानें आपल्या रोजच्या गाडीस नायट्रस वायूची टांकी जोडली, प्रथमच तिची कळ दाबली, आणि कांहीं क्षणांतच इंजिन निकामी झालें. "सर, वायु चांगला होता, टांकीहि नवी होती, मग चुकलें कोठें?" असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रसायनशास्त्राचा असल्यामुळें, व त्याचें उत्तर पालकांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून, तें येथें देत आहों.

नायट्रस ऑक्साइड हा वायु जोसेफ प्रीस्टले यानें १७७२ सालीं प्रथम तयार केला. हंफ्री डेव्ही यानें तो स्वतः हुंगून त्याच्या गुणांचें वर्णन १८०० सालीं प्रसिद्ध केलें, आणि हास्यवायु हें त्याचें नांव रूढ झालें. दंतवैद्य तो वेदना कमी करण्याकरितां आजहि देतात. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन विमानांच्या इंजिनांस, फार उंचावरील विरळ हवेंत शक्ति कमी पडूं नये म्हणून, हाच वायु दिला जात असे. तेथें त्याचें जें काम होतें, तेंच शर्यतीच्या मोटारींत आहे.

पुष्कळांची समजूत अशी कीं, हा वायु पेट्रोलासारखा जळतो व त्यामुळें गाडी धांवते. ही समजूत चुकीची आहे. लोहाराचा भाता पाहा. भात्यांतील वारा स्वतः जळत नाहीं. तो कोळशास जाळतो. आपल्या डोलवीच्या पोलाद-कारखान्यांतील झोतभट्टीचें तत्त्व हेंच. प्राणवायु हा शब्द तर डोलवीच्या मुलांस मुळींच परका नाहीं. २०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत याच कारखान्यांतील प्राणवायु रुग्णांसाठीं रवाना होत होता. नायट्रस ऑक्साइड म्हणजे मोटारीच्या इंजिनाचा भाता होय. इंजिनांतील उष्णतेनें त्याचे घटक विलग होतात, त्यांतील प्राणवायु मोकळा होतो, आणि तेवढ्या प्रमाणांत अधिक पेट्रोल जाळतां येतें. शक्ति येते ती त्या अधिक पेट्रोलापासून.

आतां थोडें गणित करूं. पेट्रोलाचा नमुना म्हणून ऑक्टेन घ्या. ११४ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जाळण्यास ४०० ग्रॅम प्राणवायु लागतो. हवेंत वजनानें सुमारें २३ टक्के प्राणवायु असतो. म्हणून हवा सुमारें १,७२५ ग्रॅम लागेल. नायट्रस ऑक्साइडच्या ४४ भागांत प्राणवायूचे १६ भाग, म्हणजे ३६ टक्क्यांहून किंचित् अधिक. म्हणून तो ११०० ग्रॅम पुरेल. याचाच अर्थ असा कीं, एक ग्रॅम पेट्रोलास हवा सुमारें १५ ग्रॅम लागते, तर नायट्रस साडेनऊ ग्रॅमांच्या आसपासच लागतो. उलटून पाहिलें असतां, सारख्या वजनाच्या हवेपेक्षां नायट्रस दीडपटीहून अधिक पेट्रोल मागतो. ही मागणी पुरविली नाहीं, तर भाता मोठा आणि कोळसा थोडा अशी स्थिति होते. मिश्रण पातळ होतें, तें अवेळीं धडाधड पेटतें, उष्णता दट्ट्याच्या माथ्यावर एकवटते, आणि धातु वितळतो. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचा जुना पेट्रोलपंप वाढीव मागणी पुरवूं शकला नव्हता. चूक वायूची नव्हती, शिदोरीची होती. आधीं शिदोरी, मग जेजुरी, हें आपले वाडवडील सांगून गेले तें येथें अक्षरशः लागू पडतें.

येथें कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील कीं, मग निव्वळ प्राणवायुच कां सोडूं नये? उत्तर असें कीं, नायट्रसमधील नत्रवायु जळत नाहीं व जाळीतहि नाहीं. तो ज्वलनाचा वेग आटोक्यांत ठेवितो. शुद्ध प्राणवायूनें इंजिन क्षणांत जळून जाईल. शिवाय द्रवरूप नायट्रस मोकळा होतांच अतिशय थंड होतो. साध्या दाबाखालीं तो उणें ८८ अंशांवर उकळतो, म्हणून आंत जाणारी हवाहि थंड व दाट होते. हा त्याचा दुसरा फायदा.

जोडणीचा क्रम या तत्त्वावरूनच ठरतो. प्रथम इंजिन निरोगी आहे कीं नाहीं, हें प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजून पाहावें. आजारी इंजिनास हें औषध नव्हे, विष आहे. नंतर पेट्रोलपंप, गाळणी व पेट्रोलाचा दाब तपासावा. वायु व पेट्रोल एकाच तोटींतून सोडण्याच्या पद्धतीस कारागीर 'ओली' म्हणतात; वायु तेवढा तोटींतून सोडून जास्तीचें पेट्रोल मूळ इंजेक्टरांकडून घेण्याच्या पद्धतीस 'कोरडी' म्हणतात. नवशिक्यास ओली पद्धत बरी. जेट लहानांत लहान निवडावा. मूळ शक्तीच्या चतुर्थांशाहून अधिक भर साध्या गाडीवर घालूं नये, असें आमचें मत आहे. मिश्रण अधिक वेगानें जळतें, म्हणून ठिणगी थोडी उशिरां पाडावी लागते. दर ५० अश्वशक्तीमागें सुमारें २ अंश, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. स्पार्क प्लगहि अधिक थंड जातीचे घालावे लागतात.

त्यानंतर कळींची व्यवस्था. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल तरच वायु सुटावा. इंजिनाचे फेरे मंद असतांना तो कधींहि सुटूं नये, कारण तेव्हां वायु व पेट्रोल आंतील नळींत सांचून तेथेंच स्फोट होतो. फेरे कमाल मर्यादेस पोंचण्यापूर्वीं तो आपोआप बंद व्हावा. कारण त्या मर्यादेवर गाडीचा संगणक पेट्रोल तोडतो, आणि वायु मात्र वाहत राहिला तर मेजावरील दट्ट्याचीच कथा पुन्हां घडते. पेट्रोलाचा दाब उतरतांच वायूची झडप मिटविणारी कळहि अवश्य असावी. या सर्वांवर एक मुख्य खटका ठेवावा, आणि प्रत्येक धांवेनंतर टांकीची झडप हातानें बंद करावी.

टांकीविषयीं आपल्या कोंकणांत विशेष सावध राहिलें पाहिजे. २० अंश उष्णतेस टांकींतील दाब वातावरणाच्या सुमारें पन्नासपट असतो. ३६.४ अंशांच्या वर हा वायु द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं, व दाब झपाट्यानें चढतो. वैशाखाच्या उन्हांत बंद गाडीची डिकी याहून किती तरी तापते! म्हणून टांकी नेमून दिलेल्या वजनाहून अधिक भरूं नये, ती उन्हांत ठेवूं नये, आणि ज्योतीनें तर कधींहि तापवूं नये. ती भक्कम पट्ट्यांनीं गाडीच्या सांगाड्यास आंवळावी. तिच्या सुरक्षा-चकतीपासून निघणारी नळी गाडीबाहेर काढावी, म्हणजे चकती फुटली तरी वायु चालकाच्या श्वासांत जाणार नाहीं. झडपेस तेल किंवा ग्रीस लावूं नये, कारण दाबाखालील या वायूंत तेलकट पदार्थ भडकूं शकतात. टांकींत वायु किती उरला, हें दाबावरून कळत नाहीं. द्रवाचा थेंब आहे तोंपर्यंत, उष्णतामान तेंच असेल तर, दाबहि तोच राहतो. स्वयंपाकघरांतील गॅसच्या सिलिंडरासारखी ती वजन करूनच पाहावी लागते. हा वायु गंमतीखातर हुंगण्याचें वेड कांहीं ठिकाणीं पसरलें आहे. बंद जागेंत त्यानें जीव गुदमरतो, आणि वारंवार हुंगल्यास ब-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतूंस इजा पोंचते.

आतां शेवटची, पण पहिल्याइतकीच महत्त्वाची गोष्ट स्थळाची. पेणहून खोपोलीमार्गें घाट चढून गेलें कीं लोणावळें लागतें. त्याच्याजवळील अँबी व्हॅलीच्या धांवपट्टीवर, २०१० नंतरच्या दशकांत, 'व्हॅली रन' नांवाच्या पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरांच्या, शर्यती भरविल्या गेल्या. अशा शर्यतींत पट्टा सरळ व मोकळा असतो, पुढें थांबण्यास जागा असते, आणि समोरून कोणी येत नसतें. आपल्या दारावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग मात्र तसा नाहीं. त्यावर एस.टी. आहे, मालाचे ट्रक आहेत, पाळी सुटून सायकलीवरून घरीं जाणारा कामगार आहे, आणि तुमचे धाकटे भाऊ-बहिणीहि आहेत. कायदाहि स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें, सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक ठिकाणीं शर्यत लावणें हा गुन्हा असून त्यास पहिल्या वेळीं तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि होऊं शकतात. ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. तेव्हां टांकी जोडावी ती शर्यतीच्या मैदानावर, जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीं, आणि रस्त्यावर येण्यापूर्वीं ती काढून ठेवावी.

आमचा विद्यार्थी आतां नवें इंजिन बसवून नियमांनीं चालणाऱ्या शर्यतींत भाग घेऊं इच्छितो. त्यास आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. वेगाची आवड हा दोष नव्हे. मात्र वरील गणित त्याच्याकडून फळ्यावर तीनदां सोडवून घेतलें. तिसऱ्या वेळीं त्यानें खडू खालीं ठेवून दट्ट्या हातांत घेतला, भोंकांतून बोट फिरविलें, आणि म्हणाला, "सर, हा येथेंच राहूं द्या." म्हणून तो येथेंच आहे. ज्यास पाहावयाचा असेल त्यानें मधल्या सुटींत यावें.