इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञा : मराठीच्या आधाराने

पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची भीती वाटते, असे आपण सर्रास म्हणतो. बारकाईने पाहिल्यास ही भीती इंग्रजी वाक्यांपेक्षा त्या वाक्यांविषयी बोलताना वापरल्या जाणाऱ्या संज्ञांची अधिक असते. नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, प्रेपोझिशन हे शब्द फळ्यावर आले की मूल ते पाठ करते आणि वाक्य लिहिण्याची वेळ आली की विसरते. तेच मूल मराठीच्या तासाला नाम, सर्वनाम आणि विशेषण अचूक ओळखत असते. या दोन तासांत पुष्कळ अंशी एकच गोष्ट शिकवली जात आहे, हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. वर्षे वाढली, तरी संज्ञांपाशी अडखळणे तसेच राहिले.

ही एकच गोष्ट असण्यामागे इतिहास आहे. संस्कृतच्या प्राचीन परंपरेत शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग मानले जात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मधले. आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जाती याच वाटेने स्थिरावल्या. म्हणून नाम म्हणजे नाउन, सर्वनाम म्हणजे प्रोनाउन, विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह, क्रियापद म्हणजे व्हर्ब, क्रियाविशेषण म्हणजे ॲडव्हर्ब, उभयान्वयी अव्यय म्हणजे कंजंक्शन आणि केवलप्रयोगी अव्यय म्हणजे इंटरजेक्शन, ही जुळणी सहज होते. ती एका तासात उरकावी. खरा वेळ द्यायचा तो जिथे नावे जुळतात पण व्यवहार जुळत नाही, अशा जागांना.

पहिली जागा शब्दयोगी अव्ययाची. मराठीत ‘टेबलावर’, ‘घरामागे’, ‘कालव्याजवळ’ असे म्हणताना वर, मागे, जवळ हे शब्द नामाच्या पाठीमागे येऊन त्याला चिकटतात, आणि नामाचे रूपही बदलते. इंग्रजीत ‘ऑन द टेबल’. इथे ‘ऑन’ आधी येतो, सुटा राहतो आणि टेबलाला धक्का लावत नाही. ‘प्रेपोझिशन’ या शब्दातील ‘प्रे’ म्हणजेच ‘आधी’. एवढे सांगितले की व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

आर्टिकलला मराठीत प्रतिशब्दच नाही, म्हणून ते शिकवणे अवघड, असा एक समज आहे. आजीच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाला तो अवघड जाऊ नये. ‘एका गावात एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या.’ पहिल्यांदा ओळख होते तेव्हा ‘एक राजा’, ओळख झाल्यावर ‘तो राजा’. ‘अ किंग’ आणि ‘द किंग’ यांतील फरक पुष्कळदा इतकाच असतो. इंग्रजी हा भेद जवळपास प्रत्येक नामापाशी पाळते, मराठी गरजेपुरता पाळते.

सब्जेक्ट या संज्ञेने मात्र खरा गोंधळ होतो. मुलाच्या लेखी सब्जेक्ट म्हणजे गणित, विज्ञान, इतिहास. त्याला आधी ‘कर्ता’ हा शब्द द्यावा, ‘ऑब्जेक्ट’साठी ‘कर्म’ द्यावा आणि मग एक अडचण मोकळेपणाने सांगावी. ‘मला भूक लागली आहे’, ‘मला ताप आला आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांत कर्ता ‘मी’ नाही. भूक लागली, ताप आला, भाऊ आहेत. क्रियापद त्यांच्या मागे चालते. इंग्रजी अशा ठिकाणी ‘ला’ प्रत्यय लागलेल्या माणसालाच कर्त्याच्या जागेवर बसवते : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘टू मी टू ब्रदर्स आर’ असे लिहिणारा विद्यार्थी मठ्ठ नसतो. तो मराठीचा नियम इमानाने पाळत असतो. त्याच्या वहीत नुसती लाल फुली मारून ही गोष्ट त्याला कशी कळावी?

याहून फसवी जागा प्रयोगाची आहे. ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असे समीकरण अनेक मार्गदर्शकांत छापलेले असते. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत याचे सरळ भाषांतर ‘राम एट अ मँगो’, आणि ते ॲक्टिव्ह. समीकरणावर विश्वास ठेवणारा हुशार विद्यार्थी मात्र ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ लिहितो. प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाप्रमाणे बदलते यावरून. व्हॉइस ठरतो तो वाक्यात कर्त्याच्या जागी क्रिया करणारा बसला आहे की क्रिया सोसणारा, यावरून. हे समीकरण पुसून टाकलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रियापदाच्या रूपांचे मात्र मुलांनी भय बाळगू नये. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात ही रूपे न चुकता बोलणाऱ्या मुलाला साध्या वर्तमानकाळात इंग्रजी फक्त एकच गोष्ट सांभाळायला सांगते : ही, शी, इट यांच्यापुढे क्रियापदाला ‘स’ लावणे.

शब्दांचा क्रम शिकवण्यासाठी तर आपल्याकडे मुखोद्गत पाठच आहे. परिपाठात म्हटली जाणारी संविधानाची प्रास्ताविका हे एकच प्रदीर्घ वाक्य आहे. मराठीत आणि इंग्रजीतही ते ‘आम्ही’ या कर्त्याने सुरू होते. मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचे संकल्प येतात, आणि मुख्य क्रियापद थेट शेवटाकडे भेटते. पण तिथे दोन भाषा वेगळ्या होतात. मराठीत ‘हे संविधान’ हे कर्म आधी आणि ‘अर्पण करणे’ नंतर. इंग्रजीत स्वीकारण्याची आणि अर्पण करण्याची क्रियापदे आधी, आणि अगदी शेवटी संविधान. कर्ता, कर्म, क्रियापद हा मराठीचा क्रम आणि कर्ता, क्रियापद, कर्म हा इंग्रजीचा, हे पाठ असलेल्या शब्दांतच मुलाला बोट ठेवून दाखवता येते. ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तिच्या कामातील हे वाक्य व्याकरणाच्या तासालाही उपयोगी पडावे, याचे आपल्या शाळेला विशेष वाटेल.

वाक्य साधले की परिच्छेद. इथे संज्ञा थोड्या आहेत : विषयवाक्य म्हणजे टॉपिक सेंटेन्स, त्याला आधार देणारी वाक्ये म्हणजे सपोर्टिंग सेंटेन्सेस, आणि त्यांना बांधणारे जोडशब्द. माळेगावच्या मुलासाठी एक नमुना देतो. ‘गळीत हंगाम सुरू झाला की आमचे गाव लवकर जागे होते. पहाटेपासून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. रस्त्याकडेची चहाची दुकाने अंधारातच उघडतात. उसापासून साखर, मळी आणि बगॅस मिळते. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांतून चुलींचा धूर वर येऊ लागतो.’ यातील चौथे वाक्य खरे आहे, उसाविषयीही आहे, तरी ते इथले नाही; कारण पहिल्या वाक्याने वचन दिले आहे ते पहाटेचे. खोटे वाक्य खोडणे सोपे असते. खरे पण परके वाक्य ओळखणे ही परिच्छेदलेखनाची अर्धी विद्या आहे. ते मराठीत ओळखता आले की मग ‘इन द क्रशिंग सीझन, अवर व्हिलेज वेक्स अप अर्ली’ असा आरंभ करून उरलेली वाक्ये मुलाने स्वतः लिहावीत. जोडशब्दांबाबत एकच सूचना : प्रत्येक वाक्यापूर्वी ‘अँड देन’ नको. कारण सांगायचे असेल तिथे ‘बिकॉज’, उलट सांगायचे असेल तिथे ‘बट’, आणि काहीच जोडायचे नसेल तर पूर्णविराम.

सुट्टीत मूल घरी येते, तेव्हा इंग्रजी न शिकलेल्या आईवडिलांनाही यात भाग घेता येतो. त्याने लिहिलेला परिच्छेद त्याच्याकडून मराठीत सांगून घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत. हे सगळे कशाविषयी आहे? या वाक्यात कोणी काय केले? आणि हे वाक्य इथे कशाला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर न सुचल्यास वाक्य खोडायचे की दुसरीकडे हलवायचे, हे मुलालाच ठरवू द्यावे. स्पेलिंग आम्ही शाळेत पाहू.