पैशाचं बोलणं मुलांदेखत

जून तोंडावर आला की आपल्या घरांतलं बोलणं तुटक होतं. भाताचं बियाणं, खत, लावणीची मजुरी आणि त्याच सुमाराला वह्या, दप्तर, रेनकोट. पाऊस एकदा लागला की वेल्ह्याच्या खोऱ्यातून बाजार गाठणं जिकिरीचं, म्हणून किराण्याची बेगमीही आधीच करायची. खर्च सगळा आत्ता, आणि भात घरात येणार दिवाळीच्या आसपास.

नेमकं तेव्हाच पोरगं चपलेचा विषय काढतं. आपण म्हणतो, "पैसे काय झाडाला लागलेत?" सगळेच म्हणतो. दिवसभर चिखलात वाकून किंवा शिरवळच्या कंपनीत पाळी करून आलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? मनात राग नसतो, धास्ती असते.

पण मुलाला ती धास्ती दिसत नाही. आपण काहीतरी मागितलं आणि घर बिनसलं, एवढंच त्याला कळतं. असं चार वेळा झालं की मूल मागणंच सोडतं. सहलीची चिठ्ठी दप्तरातच राहते. आपण कौतुकाने सांगतो, "आमचं पोर फार समजूतदार." असेलही. पण आपण घराला जड होतो, असं त्याच्या मनाने घेतलं असेल तर?

म्हणून मला वाटतं, घरात बचत करायची ती मुलांना सोबत घेऊन. कर्ज, उधारी, हप्ते ही काळजी आपली. ती त्यांच्या डोक्यावर नको. पण पैसा कधी येतो आणि कुठे जातो, हे चौथी-पाचवीतल्या पोराला छान समजतं.

आपल्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी, कंपनीचा महिन्याने आणि भाताचा पैसा वर्षातून एकदा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या खुणा मुलालाच करू द्या. दुसऱ्या रंगाने मोठे खर्च: जून, गणपती, दिवाळी, गावची जत्रा. दोन्ही खुणा शेजारी आल्या की ओढाताण कुठल्या महिन्यात आहे, ते आपल्यालाही नीट दिसतं.

मग जूनची तयारी डिसेंबरात सुरू करता येते. दुधाच्या प्रत्येक पगारातून ३०० रुपये बाजूला काढले, तर मेअखेर अठरा पगारांचे ५,४०० होतात. दप्तर-वह्यांसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. फक्त पगार हातात आल्याबरोबर काढायचे. शेवटी उरतील ते ठेवू म्हटलं, तर उरत नाहीत.

खाऊचंही तसंच. दिवसभर आपण घरी नसतो, जीव चुटपुटतो, म्हणून जाताना दोन्ही मुलांच्या हातावर दहा-दहा रुपये ठेवतो. महिन्याचे ६०० झाले. बंद करा असं नाही म्हणत मी, त्यात माया असते. पण आठवड्यातले तीन दिवस शेंगदाण्याचा लाडू दिला, तर आठवड्याला ६० रुपये वाचतात. ते मुलांच्याच बचतीच्या डब्यात टाका आणि हिशेब त्यांनाच लिहू द्या.

डबा भरला की पोस्टात न्या. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं, ५०० रुपये लागतात. मुलगी दहाच्या आतली असेल, तर सुकन्या समृद्धीचं खातं २५० रुपयांत निघतं आणि वर्षाला तेवढे भरले तरी चालू राहतं. 'लाडकी बहीण'चे पैसे येत असतील, तर त्यातला थोडा वाटा तिथे वळवता येईल.

बचत गटातल्या बायांना हे नव्याने सांगायला नको. शिवापूरपासून वेल्ह्यापर्यंत ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने या गटांचं काम उभं केलं. दहा-वीस जणी ठरल्या दिवशी बसतात, ठरलेली रक्कम भरतात, अडल्या-नडलेलीला कर्ज देतात आणि सगळं वहीत मांडतात. तीच रीत घरात आणायची. महिन्यातून एकदा जेवणं झाल्यावर सगळे बसा, अगदी पंधरा मिनिटं. एक प्रश्न मुलांना विचारा: "या महिन्यात कुठे कमी करूया?" मुलं फार नेमकं सुचवतात. आणि आपलं ऐकलं गेलं, याचा आनंद त्यांना कितीतरी दिवस पुरतो.

तरीही नाही म्हणायची वेळ येणारच. तेव्हा नुसतं "नाही" नको. "आत्ता नाही, भात विकलं की सायकलचं बघू," असं म्हणा. आणि भात विकल्यावर आपणहून तो विषय काढा. पैसे कमी आले असतील तर तेही सांगा. वाट बघणं मुलांना जमतं. आपलं मागणं विसरलं गेलं, हे मात्र त्यांना लागतं.

सगळं एकदम जमणार नाही, आणि जमवायची घाईही नको. येत्या पगाराला मुलाला शेजारी बसवून पैसे बाजूला काढा, आणि मोजता मोजता त्याला सांगा, "हे तुझ्या शाळेचे. तुझ्यासाठी खर्च करायला आम्हाला आवडतं."